विंडोज सर्व्हर २०१९ : एक्सप्लोरर सारखा कोसळतोय, लॉग मात्र एनटीडीएलएलकडे बोट दाखवतो

सत्रपाल

विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड, डेस्कटॉप एक्सपिरियन्ससह. त्यावर रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टचा रोल आहे, म्हणजे लोक आपापल्या जागेवरून याच सर्व्हरवर लॉगिन करतात, आणि एका वेळी साधारण ३० जण काम करतात.

लक्षण असं: टास्कबार आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन अचानक गायब होतात आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतात. उघडलेली फोल्डरं तेवढी बंद होतात, बाकी प्रोग्रॅम चालू राहतात. सगळ्यांना होत नाही. काहींना दिवसातून अनेकदा, काहींना अजिबात नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉग, इव्हेंट क्रमांक १०००:

फॉल्टिंग ॲप्लिकेशन : एक्सप्लोरर.ईएक्सई, आवृत्ती १०.०.१७७६३
फॉल्टिंग मॉड्यूल : एनटीडीएलएल.डीएलएल
एक्सेप्शन कोड : सी००००३७४

'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' आणि त्यानंतर 'एसएफसी /स्कॅननाऊ' चालवून झालं. सिस्टिम फाइल तपासणाऱ्या या दोन्ही आज्ञांत काही सापडलं नाही. एनटीडीएलएल ही तर विंडोजचीच फाइल. मग आता काय दुरुस्त करायचं? सर्व्हर नव्याने बसवणं शेवटचा उपाय म्हणून ठेवला आहे.

डंपवाचक

एनटीडीएलएल खराब झालेली नाही. सी००००३७४ म्हणजे हीप करप्शन, प्रोग्रॅम चालताना मागून घेतो त्या मेमरीची (हीपची) मोडतोड. एखाद्या कोडने आपल्या वाट्याच्या मेमरीपलीकडे लिहिलं किंवा सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरली. हीपची व्यवस्था एनटीडीएलएलमध्ये असते आणि पुढच्या वेळी मेमरी मागताना किंवा परत करताना तिला ही मोडतोड दिसते. ती दिसली की ती प्रोसेस तिथेच थांबवते. म्हणून लॉगमध्ये नाव तिचं येतं. खरी चूक त्याआधी झालेली असते, कधी काही मिलिसेकंद तर कधी काही मिनिटं आधी, आणि ती करणारा तोवर स्टॅकवरून (चालू फंक्शनांच्या साखळीतून) निघून गेलेला असतो.

सिस्टिम फाइल तपासून काही मिळालं नाही, ते याचमुळे. ती तपासणी चुकीची नव्हती, फक्त या कोडसाठी ती पहिली पायरी नाही.

इव्हेंट १००० मधला एक्सेप्शन कोड मॉड्यूलच्या नावापेक्षा जास्त सांगतो. त्याचे आठही अंक नीट वाचा. सी००००००५ म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन, हात लावायला मनाई असलेल्या मेमरीला हात लावणं. यात मॉड्यूल बाहेरच्या कंपनीचं दिसलं तर बहुतेक वेळा तेच दोषी असतं. सी००००४०९ म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच धोका ओळखून घेतलेली माघार. सी००००१४२ म्हणजे एखादी डीएलएल (प्रोग्रॅम वापरतो ती कोडची फाइल) सुरूच होऊ शकली नाही, आणि सेशन होस्टवर त्यामागे पुष्कळदा डेस्कटॉप हीप संपलेला असतो. ई०४३४३५२ दिसलं तर एक्सप्लोररच्या पोटात कुणीतरी डॉट नेटचा कोड घुसवला आहे. आणि इव्हेंट १००० ऐवजी १००२ असेल तर ते कोसळणं नव्हे, अडकणं आहे. त्याची वाट वेगळी.

तुमच्याकडे हवा आहे तो क्रॅश डंप, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत. रेजिस्ट्रीत एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\विंडोज एरर रिपोर्टिंग\लोकलडंप्स इथे 'एक्सप्लोरर.ईएक्सई' नावाची की तयार करा. तीत तीन व्हॅल्यू: डंपटाइप २ (पूर्ण डंप), डंपकाउंट ३, आणि डंपफोल्डर, म्हणजे सी ड्राइव्ह सोडून दुसऱ्या ड्राइव्हवरची जागा.

डंपकाउंट आणि डंपफोल्डर विसरू नका. ते दिले नाहीत तर डंप प्रत्येकाच्या प्रोफाइलमधल्या लोकल ॲपडेटाखाली 'क्रॅशडंप्स'मध्ये जातात आणि १० पर्यंत साठतात. पूर्ण डंप काहीशे एमबीचा असतो. प्रोफाइल डिस्कला मर्यादा घातलेली असेल तर ती भरून वेगळाच गोंधळ होईल. शिवाय डंप लिहिला जातो तो त्या वापरकर्त्याच्याच अधिकाराने, त्यामुळे नव्या फोल्डरवर साध्या वापरकर्त्यांना लिहिण्याची परवानगी लागते. परवानगी नसेल तर फोल्डर रिकामं राहतं आणि कारण कुठेही दिसत नाही.

रेजिस्ट्रीकर

डंप येईपर्यंत दोन गोष्टी सांभाळा.

सेशन होस्टवर 'टास्ककिल /एफ /आयएम एक्सप्लोरर.ईएक्सई' ही आज्ञा ॲडमिन म्हणून कधीही देऊ नका. ती सगळ्या सत्रांतला एक्सप्लोरर मारते. आधी 'क्वेरी सेशन'ने सत्राचा क्रमांक पाहा आणि मग शेवटी /एफआय "सेशन ईक्यू ३" अशी गाळणी लावा.

दुसरं, एखाद्याचा शेल (टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर) परत आलाच नाही तर कंट्रोल+शिफ्ट+एस्केपने टास्क मॅनेजर उघडा (रिमोट सत्रातून कंट्रोल+ऑल्ट+एंड दाबूनही तिथे पोचता येतं), फाइल मेनूतून नवा टास्क, 'एक्सप्लोरर'. खालचा ॲडमिन अधिकारांचा चौकोन रिकामाच ठेवा, शेल साध्या अधिकारांनीच चालायला हवा.

शेल आपोआप परत येतो तो विनलॉगॉन कीमधल्या 'ऑटोरिस्टार्टशेल' व्हॅल्यूमुळे, ती १ असते. तिथलीच 'शेल' व्हॅल्यूही पाहून घ्या. तिथे एक्सप्लोरर.ईएक्सई सोडून स्वल्पविराम देऊन आणखी काही लिहिलेलं असेल तर ते कुणी घातलं ते आधी शोधा.

मुक्तखिडकी

माझा संशय शेल एक्सटेन्शनवर आहे, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरने एक्सप्लोररला लावलेल्या जोडण्यांवर. एक्सप्लोररच्या प्रोसेसमध्ये बाहेरचा कोड येतो तो प्रामुख्याने राइट क्लिकच्या मेनूतून, आयकॉनवरच्या छोट्या खुणांमधून (हिरवी टिक, निळे बाण) आणि नेव्हिगेशन पेनमध्ये स्वतःचं वेगळं झाड दाखवणाऱ्या एक्सटेन्शनमधून. प्रीव्ह्यू पेनवर सहसा संशय घेऊ नका, ते हँडलर 'प्रीव्हहोस्ट' या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. ते कोसळले तरी टास्कबार जागेवर राहतो.

निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू घ्या, पण ६४ बिटचं. सर्व्हरचा एक्सप्लोरर ६४ बिटचा आहे, ३२ बिटची एक्सटेन्शन्स त्यात लोडच होत नाहीत. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टची एक्सटेन्शन्स लपवा. जी उरतील त्यांतली निम्मी एफ७ ने बंद करा, त्या सत्रातला एक्सप्लोरर नव्याने सुरू करा, पाहा. थांबलं तर दोषी त्या निम्म्यात. पुन्हा निम्मी. १६ एक्सटेन्शन्स असली तरी चार फेऱ्यांत एकावर येता.

मात्र शेलएक्सव्ह्यूत न दिसणारेही असतात. अँटीव्हायरस, प्रिंट नियंत्रण, स्क्रीनवर लक्ष ठेवणारी साधनं आपली डीएलएल थेट प्रोसेसमध्ये टाकतात, ती एक्सटेन्शन म्हणून नोंदलेली नसतात. त्यासाठी प्रोसेस एक्सप्लोररमध्ये एक्सप्लोरर.ईएक्सई निवडून कंट्रोल+डी दाबा आणि खालची यादी कंपनीच्या नावाने लावा. सिसइंटर्नल्सचं 'लिस्टडीएलएल्स -यू' फक्त सही नसलेल्या डीएलएल दाखवतं, तेही एकदा चालवा.

आणि कृपया दोन गोष्टी कळवा: कोसळतं तेव्हा लोक नेमकं काय करत असतात, आणि एक्सेलच्या किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फाइल उघडण्याच्या खिडकीतही तसंच होतं का? ती खिडकी हीच एक्सटेन्शन्स त्या प्रोग्रॅमच्या प्रोसेसमध्ये लोड करते. तिथे एक्सेल कोसळत असेल तर एक्सटेन्शनचा संशय बळावतो.

सत्रपाल

विचारपूस केली. एकाच विभागातल्या लोकांना होतंय. एस: या नेटवर्क ड्राइव्हवरच्या खोल फोल्डरमध्ये फाइलवर राइट क्लिक केलं की होतं, पण दरवेळी नाही. सी: वर कधीच नाही. एक्सेलच्या फाइल उघडण्याच्या खिडकीत राइट क्लिक केल्यावर एक्सेलही गेलं, कोड तोच.

नवा चाचणी वापरकर्ता तयार करून त्याच फोल्डरवर प्रयत्न केला. तिथेही कोसळलं. म्हणजे प्रोफाइल बिघडलेलं नाही.

डंप मिळाला. विनडीबीजी या डीबगरमध्ये '!ॲनालाइझ -व्ही' केल्यावर स्टॅकवर फक्त एनटीडीएलएल आणि शेल३२ दिसतात, बाहेरचं कुणीच नाही. बाहेरची एक्सटेन्शन्स नऊ आहेत. निम्मी-निम्मी बंद करून पाहायचं तर दरवेळी न होणाऱ्या दोषावर भरवसा कसा ठेवायचा?

डंपवाचक

बरोबर आहे. कधीतरीच होणाऱ्या दोषावर निम्म्याची युक्ती फसते, 'थांबलं' आणि 'अजून झालं नाही' यांत फरक करता येत नाही. आणि स्टॅकवर बाहेरचं कुणी नाही हेही अपेक्षितच. हा डंप मोडतोड सापडली त्या क्षणाचा आहे, झाली त्या क्षणाचा नाही.

आता पेज हीप लावा. विंडोज एसडीकेमधल्या डीबगिंग टूल्समध्ये 'जीफ्लॅग्ज' असतं:

जीफ्लॅग्ज /पी /एनेबल एक्सप्लोरर.ईएक्सई /फुल

यामुळे प्रत्येक मेमरी तुकडा पानाच्या अगदी शेवटाला टेकवून दिला जातो आणि त्याच्या पुढचं पान हात लावता येणार नाही असं बंद ठेवलं जातं. सीमेपलीकडे लिहिणारा त्याच सूचनेवर पकडला जातो. कोड बदलून सी००००००५ होतो आणि स्टॅकवर खरा दोषी असतो.

थिनक्लायंट

चालू सेशन होस्टवर हे करायला माझा स्पष्ट विरोध आहे. फुल पेज हीपमध्ये २० बाइटच्या तुकड्यालाही ४ केबीचं पूर्ण पान लागतं, वर पहारा देणारं पान वेगळं. एक्सप्लोरर लहान तुकड्यांत लाखोंनी मेमरी मागतो. ही सेटिंग इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्समध्ये प्रोसेसच्या नावावर नोंदली जाते, वापरकर्त्याच्या नव्हे. म्हणजे त्यानंतर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा एक्सप्लोरर फुगणार. ३० जणांचा सर्व्हर गुडघ्यावर येईल.

डंपवाचक

विरोध रास्त आहे, सर्व्हर रिकामा करूनच करा असं मी आधीच लिहायला हवं होतं. तो कसा रिकामा करायचा ते सांगतो. 'चेंज लॉगॉन /ड्रेन' दिलं की जुनी सत्रं चालू राहतात, नवी येत नाहीत. संध्याकाळपर्यंत सर्व्हर रिकामा होतो. मग 'एमएसटीएससी /ॲडमिन'ने आत या, जीफ्लॅग्ज लावा, लॉगऑफ करून पुन्हा या म्हणजे एक्सप्लोरर नव्या सेटिंगने सुरू होईल, आणि त्याच फोल्डरवर राइट क्लिक करा. डंप मिळाला की

जीफ्लॅग्ज /पी /डिसेबल एक्सप्लोरर.ईएक्सई

आणि 'चेंज लॉगॉन /एनेबल'. हा क्रम पाळला तर एकाही वापरकर्त्याला त्रास होत नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर प्रत काढून तिच्यावर करणं त्याहून चांगलं, फक्त तिलाही तोच फाइल सर्व्हर दिसला पाहिजे.

डंप उघडल्यावर '.सिमफिक्स', '.रीलोड', मग '.ईसीएक्सआर' आणि 'के'. सर्वांत वरची ओळ सी रनटाइममधल्या एखाद्या कॉपी करणाऱ्या फंक्शनची असू शकते. तिला दोष देऊ नका, तिला ज्याने हाक मारली ती खालची ओळ वाचा. '!हीप -पी -ए' पुढे तो पत्ता दिला की तुकडा किती बाइटचा होता आणि कुणी मागितला तेही कळतं.

सत्रपाल

रिकाम्या सर्व्हरवर केलं. पहिल्याच राइट क्लिकला कोसळलं, कोड सी००००००५. स्टॅकवर एका दस्तऐवज व्यवस्थापन सॉफ्टवेअरची डीएलएल आहे, तिची मेनू एक्सटेन्शन. नाव इथे देत नाही. '!हीप -पी -ए' सांगतं की तुकडा ५२० बाइटचा होता आणि त्याच डीएलएलने मागितला होता.

मुक्तखिडकी

५२० बाइट! म्हणजे २६० अक्षरं, प्रत्येकी दोन बाइट. विंडोजमधली फाइलमार्गाची जुनी मर्यादा, मॅक्स पाथ. डीएलएलने २६० अक्षरांचा बफर (मेमरीतली ठरलेली जागा) घेतला आणि त्यात लांबी न तपासता मार्ग ओतला.

एस: वरच का, त्याचंही उत्तर यातच दिसतं. एक्सप्लोररला दिसणारा मार्ग ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतो. एक्सटेन्शनला सर्व्हरवरचा दस्तऐवज ओळखायचा असतो, म्हणून ते त्या मार्गाचा पूर्ण नेटवर्क मार्ग करून घेतं. समजा एस: ने मोजलेला मार्ग २३१ अक्षरांचा आहे. 'एस:' ही दोन अक्षरं जाऊन तिथे ४३ अक्षरांचं सर्व्हर आणि शेअरचं नाव आलं की झाली २७२. एक्सप्लोररच्या दृष्टीने मार्ग मर्यादेत, एक्सटेन्शनच्या बफरच्या मात्र बाहेर.

तुमच्या फोल्डरमध्ये मार्गांची लांबी मोजून पाहा. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी एक जागा लागते, म्हणजे पूर्ण नेटवर्क मार्ग २५९ पर्यंत सुरक्षित, २६० पासून धोका.

डंपवाचक

यात एक बारकावा जोडतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल. ६४ बिटवर हीप तुकडे १६ बाइटच्या पटीत देतो. ५२० चे ५२८ होतात, म्हणून पेज हीपमध्येही तुकड्याच्या शेवटी आणि बंद पानामध्ये ८ बाइट उरतात. मार्ग २६० ते २६३ अक्षरांचा असेल तर जास्तीची अक्षरं त्या ८ बाइटांत मावतात आणि प्रोसेस त्या क्षणी पकडली जात नाही. ती पकडली जाते तुकडा परत करताना, कारण त्या जागेत भरलेला नमुना बिघडलेला दिसतो. अशी शंका आली तर जीफ्लॅग्जच्या आज्ञेत '/फुल'नंतर '/अनअलाइन्ड' जोडा. काही प्रोग्रॅमना ते झेपत नाही, म्हणून आधी त्याशिवाय करून पाहावं.

साध्या हीपवर 'दरवेळी नाही' असं का होत होतं, तेही याच हिशेबात आहे. पलीकडे काय ठेवलेलं आहे आणि ते कधी वापरलं जातं, यावर कोसळणं अवलंबून. रिकाम्या जागेवर लिहिलं गेलं तर काहीच होत नाही.

सत्रपाल

मार्ग मोजले. ज्यांवर कोसळतं ते सगळे नेटवर्क मार्गाने २६० च्या वर आहेत. सॉफ्टवेअर काढून टाकता येणार नाही, लोकांचं काम त्यावर चालतं. फक्त मेनू बंद करता येईल?

रेजिस्ट्रीकर

येईल. शेलएक्सव्ह्यूतून त्या एक्सटेन्शनचा सीएलएसआयडी (विंडोजमधला त्याचा ओळख क्रमांक) घ्या, महिरपी कंसांसकट. मग

एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\शेल एक्सटेन्शन्स\ब्लॉक्ड

ही की नसेल तर तयार करा आणि तीत स्ट्रिंग व्हॅल्यू टाका. व्हॅल्यूचं नाव म्हणजे तो सीएलएसआयडी. डेटा रिकामा चालतो, पण मी तिथे कारण आणि तारीख लिहायला सांगेन. पुढे ज्याच्या हाती हा सर्व्हर जाईल त्याला ही नोंद कशासाठी आहे ते कळलं पाहिजे.

एक्सटेन्शनची मूळ नोंद पुसण्यापेक्षा हे बरं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसली की इन्स्टॉलर पुसलेली नोंद परत लिहितो. ब्लॉक्डमधली नोंद तो सहसा हलवत नाही आणि सीएलएसआयडी तोच असेपर्यंत ती लागू राहते. होस्ट अनेक असतील तर ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून सगळीकडे पाठवा. चालू सत्रांत डीएलएल आधीच लोड झालेली असेल, तिथे लॉगऑफ होईपर्यंत दोष राहील.

ज्यांना तो मेनू हवाच आहे त्यांच्यासाठी फाइल सर्व्हरवर खोलवरचं फोल्डर थेट छोट्या नावाने शेअर करा. नेटवर्क मार्गच आखूड होतो. एस: च्या जागी दुसरं अक्षर देऊन काही होणार नाही, पूर्ण मार्ग तोच राहतो.

थिनक्लायंट

दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत आणखी एक आधार: फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये फोल्डरच्या खिडक्या वेगळ्या प्रोसेसमध्ये उघडण्याचा पर्याय आहे. रेजिस्ट्रीत एचकेसीयूखाली एक्सप्लोरर\ॲडव्हान्स्डमध्ये 'सेपरेटप्रोसेस' १. मग एक्सटेन्शनने खिडकी पाडली तरी टास्कबार आणि डेस्कटॉप शाबूत राहतात. प्रत्येक वापरकर्त्यामागे मेमरी थोडी जास्त लागते.

नवशेल

इथेच विचारतो. आमच्याकडे सर्व्हर २०१६ आहे, सेशन होस्टच. लॉगिननंतर बराच वेळ काळा पडदा, मग स्टार्ट मेनू उघडत नाही. इव्हेंट १००० मात्र नाही. हेही एक्सटेन्शनच का?

थिनक्लायंट

नाही, हा वेगळा आजार आहे. २०१६ आणि २०१९ वर प्रत्येक लॉगिनला स्टार्ट मेनू आणि इतर ॲपसाठी फायरवॉलचे नियम तयार होतात आणि लॉगऑफला ते पुसले जात नाहीत. सेशन होस्टवर ते हजारोंनी साठतात आणि लॉगिन रखडतं. पाहा:

एचकेएलएम\सिस्टिम\करंटकंट्रोलसेट\सर्व्हिसेस\शेअर्डॲक्सेस\पॅरामीटर्स\फायरवॉलपॉलिसी

याच कीवर 'डिलीटयूजरॲपकंटेनर्सऑनलॉगऑफ' नावाची डीवर्ड व्हॅल्यू १ करा. सर्व्हरवर अलीकडचे अपडेट हवेत, जुन्या बिल्डला ही व्हॅल्यू कळत नाही. ती साठा वाढणं थांबवते, आधीचा साठा तसाच राहतो. तुमच्या २०१६ वर तो 'रिस्ट्रिक्टेडसर्व्हिसेस\कॉन्फिगरेबल\सिस्टिम'खाली असतो, २०१९ वर 'रिस्ट्रिक्टेडसर्व्हिसेस\ॲपआयएसओ\फायरवॉलरूल्स'खाली. आधी ती की एक्सपोर्ट करा, मग रिकामी करा. रेजिस्ट्री एडिटरला हजारो नोंदी दाखवायला फार वेळ लागतो, पॉवरशेलने केलेलं बरं.

मुक्तखिडकी

आणि टास्कबार काळा पडतो, मेनू अर्धवट रंगतात, पण कोसळत नाही असं कुणाला होत असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' आणि 'यूजर ऑब्जेक्ट्स' हे रकाने लावा. एका प्रोसेसला प्रत्येकी १०,००० ची मूळ मर्यादा असते. आकडा दिवसभर चढतच जात असेल तर गळती आहे. मर्यादा वाढवून ती फक्त उद्यावर ढकलली जाते.

सत्रपाल

ब्लॉक्डमध्ये नोंद टाकली, सगळी सत्रं बाहेर काढून पुन्हा येऊ दिली. त्याच फोल्डरवर, त्याच फाइलींवर राइट क्लिक करून पाहिलं, कोसळत नाही. इव्हेंट १००० नव्याने नाही. डंप आणि मार्गांच्या लांबीचा हिशेब सॉफ्टवेअर देणाऱ्यांना पाठवतोय.

डंपवाचक

पाठवण्याआधी थांबा. पूर्ण डंपमध्ये त्या क्षणी एक्सप्लोररच्या मेमरीत जे होतं ते सगळं असतं: फाइलींची नावं, मार्ग, क्लिपबोर्डचा मजकूरही असू शकतो. म्हणूनच डंप चाचणी वापरकर्त्याच्या सत्रातला पाठवा, खऱ्या वापरकर्त्याचा नको. त्यासोबत 'एलएमव्हीएम' ने मिळणारी त्या डीएलएलची नेमकी आवृत्ती आणि टाइमस्टॅम्प द्या. त्यांना आपल्या बाजूची तीच बिल्ड शोधायला त्याशिवाय मार्ग नाही.

मग लोकलडंप्सखालची एक्सप्लोररची की काढा, डंपचं फोल्डर रिकामं करा, आणि 'जीफ्लॅग्ज /पी' नुसतं चालवून पाहा. यादीत एक्सप्लोरर.ईएक्सई अजून दिसत असेल तर पेज हीप बंद झालेला नाही.